फवारण्याआधी पान उलटून पाहा

पावसाने उघडीप दिली की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर आणि शहरातल्या रोपवाटिकेतही एकच प्रश्न ऐकू येतो : ‘कीड पडलीय, काय मारू?’ आणि बहुतेक वेळा उत्तर म्हणून एक बाटली हातात पडते. कीड कोणती, पानाच्या कोणत्या बाजूला, किती, आणि तिच्या आसपास दुसरे कोण वावरते आहे, हे विचारायचे राहूनच जाते. औषध रासायनिक असो की घरी केलेला निंबोळी अर्क, या चार प्रश्नांची उत्तरे नसताना केलेली फवारणी बहुतेक वाया जाते. ‘सेंद्रिय करून पाहिले, काही फरक पडला नाही’ असे सांगणाऱ्या अनेकांचे घोडे इथेच पेंड खाते. म्हणून आधी ओळख, मग उपाय.

पाहणीला सकाळची वेळ चांगली. ऊन तापले की किडी पानाआड, फुलात किंवा मातीत दडतात. दहापट मोठे दाखवणारे एक भिंग आणि एक पांढरा कागद एवढे सामान पुरते. शेतात बांधालगतची झाडे सोडून नागमोडी चालत वीसेक झाडे निवडावीत आणि प्रत्येकाचे एक शेंड्याकडचे, एक मधले, एक बुडाकडचे पान उलटून पाहावे. पान कुरतडलेले, भोके पडलेले असेल तर अळी, भुंगेरा, नाकतोडा किंवा गोगलगाय. पान शाबूत आहे पण वळले आहे, चिकट झाले आहे, पिवळे पडले आहे किंवा त्यावर बारीक ठिपके उमटले आहेत, तर रस शोषणारी कीड. ही वाटणी पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. अळ्यांवर चालणारी बीटी जिवाणूची भुकटी माव्याला काहीच करत नाही, कारण ती पानासोबत पोटात जावी लागते आणि मावा पान खातच नाही. तो सोंड खुपसून आतला रस पितो.

रस शोषणाऱ्यांत मावा ओळखायला सगळ्यात सोपा. कोवळ्या शेंड्यावर, कळीच्या देठावर गर्दी करून बसलेले हिरवे, काळे किंवा पिवळसर मऊ किडे दिसतात आणि खालच्या पानांवर चिकटा पडलेला असतो. पुढे त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि लोक बुरशीनाशक आणायला धावतात. तुडतुडे पानाला हात लावताच तिरके पळतात. कपाशी आणि भेंडीची पाने कडेने पिवळी, मग लालसर होऊन खाली वळली असतील तर त्यांचाच हात आहे. पांढरी माशी झाड हलवले की भुरकन उडते आणि परत पानाखाली येऊन बसते. ती जेवढा रस पिते त्यापेक्षा तिने पसरवलेला विषाणू महाग पडतो : भेंडीचा केवडा तिच्यामार्फतच शेतभर जातो. शिरा पिवळ्या पडलेले भेंडीचे झाड कोणत्याही अर्काने बरे होत नाही. ते उपटून नष्ट करणे हाच उपाय आहे आणि तो पहिल्या दोन-चार झाडांवरच करायचा असतो.

मिरचीच्या बोकड्याबाबत तर चुकीच्या ओळखीची फारच मोठी किंमत मोजावी लागते. शेंड्याची पाने आक्रसली की सगळेच त्याला बोकड्या म्हणतात, पण कारणे वेगवेगळी असतात. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील, देठ लांबले असेल आणि पान अरुंद, कडक झाले असेल तर कोळी. कडा कशाही असोत, शेंडा खुरटून पाने बारीक झाली, शिरा जाड झाल्या आणि झाडाची वाढच थांबली, तर विषाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा. खात्रीसाठी शेंडा पांढऱ्या कागदावर हलकेच झटकावा. लांबट, पिवळसर, धावणारे कण म्हणजे फुलकिडे. मिरचीवरचा कोळी मात्र इतका बारीक की त्याला भिंगच लागते. कोळी हा कीटकच नाही; त्याला आठ पाय असतात आणि कीटकांसाठीची अनेक औषधे त्याला लागू पडत नाहीत. उलट त्याला खाणारे भक्षक कोळी मात्र त्या औषधांनी मरतात. त्यामुळे फुलकिडे समजून कोळ्यावर औषध मारले की आठवडाभरात झाड आणखी वाईट दिसू लागते आणि शेतकरी त्याच औषधाची मात्रा वाढवतो.

गच्चीवरच्या बागेत मार्च ते मे या कोरड्या, तापलेल्या महिन्यांत लाल कोळी हमखास येतो. गुलाब, वांगी आणि वेलवर्गीय भाज्यांच्या पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके आणि पानाखाली बारीक जाळी दिसते. पाइपच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू दोन-तीन दिवसांआड धुतली तरी त्याची वाढ बरीच रोखली जाते. गुलाब आणि वांग्यावर पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला २ ते ३ ग्रॅम चालते, पण तापलेल्या उन्हात किंवा तेलकट फवारणीच्या जोडीने दिले तर पाने करपतात. मे महिन्यात पाण्यावरच भागवावे.

जास्वंद, पपई, सीताफळ आणि कढीपत्त्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की तो पिठ्या ढेकूण. त्याच्याकडे बघण्याआधी खोडावरून मुंग्या वर चढत आहेत का ते पाहावे. पिठ्या ढेकूण, मावा आणि खवले कीड यांचा गोड चिकटा मुंग्या खातात आणि त्या बदल्यात मित्रकीटकांना हुसकावून लावतात, किडीच्या पिल्लांना नव्या फांदीवर नेऊन सोडतात. मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय पिठ्या ढेकूण आटोक्यात येत नाही. खोडाभोवती कापडाची किंवा प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीसचा थर द्यावा. ग्रीस थेट सालीला लावू नये. दुसऱ्या झाडाला किंवा भिंतीला टेकलेल्या फांद्याही छाटाव्यात, नाहीतर मुंग्या त्या पुलावरून येतात. मग दात घासण्याच्या जुन्या ब्रशने पुंजके खरवडून काढावेत आणि सौम्य द्रवरूप साबण लिटरला चमचाभर या प्रमाणात घेऊन धुवावे. कपड्यांची डिटर्जंट पावडर वापरू नये, ती पाने जाळते. साबणाचेही पाणी आधी एका फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी पाहावे.

आता त्या चौथ्या प्रश्नाकडे : आसपास दुसरे कोण आहे? माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हा प्रश्न न विचारल्याने होते. महाराष्ट्राने याचा धडा उसाच्या पट्ट्यात घेतला आहे. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा दिसला आणि पश्चिम महाराष्ट्रात झपाट्याने पसरला. पानांच्या खालच्या बाजूला पांढरा लोकरीसारखा थर, खाली चिकटा आणि काळी पडलेली पाने. पुरुषभर उंचीच्या दाट उसात फवारणी करणार कशी? तो आटोक्यात आला तो प्रामुख्याने डिफा आणि मायक्रोमस या भक्षक कीटकांमुळे. डिफाची अळी लोकरीच्या थराखालीच राहते आणि मावा खात पुढे सरकते. ज्या शेतात हे भक्षक दिसले तिथली पाने तोडून दुसऱ्या शेतातल्या उसावर लावण्यात आली. ज्या शेतांत कीटकनाशकांचा मारा झाला होता तिथे भक्षक शिल्लकच नव्हते.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाची हकीकतही अशीच. २००८ साली तो कोइम्बतूरला आढळला, पुढे महाराष्ट्रातही आला आणि पपईबरोबर इतर झाडेही त्याने पांढरी केली. हा बाहेरून आलेला पाहुणा. त्याचा नैसर्गिक शत्रू इथे नव्हता. २०१० साली प्युर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपाये नावाची अगदी चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली गेली आणि तिने पुढच्या काळात ही कीड काबूत आणली.

म्हणून शेतकऱ्याने आणि बागप्रेमींनी किडींइतकेच मित्रकीटक ओळखायला शिकावेत, विशेषतः त्यांची पिल्ले. लाल-काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. त्याची अळी मात्र लांबट, काळपट, अंगावर नारिंगी खुणा असलेली आणि दिसायला भीतिदायक; ती हमखास चिरडली जाते. तीच दिवसाला ढालकिड्यापेक्षा कमी मावा खात नाही. पानावर केसाएवढ्या बारीक देठावर उभी केलेली पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपा या मित्रकीटकाची. माव्याच्या घोळक्यात काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदी झालेले आणि पाठीला गोल भोक पडलेले दिसले, तर परोपजीवी गांधीलमाशी कामाला लागली आहे. सगळ्यात फसवी ओळख क्रिप्टोलिमस या ढालकिड्याच्या अळीची : तिच्या अंगावर पांढरे मेणाचे धागे असतात आणि ती थेट पिठ्या ढेकणासारखीच दिसते. काडीने डिवचून पाहावे. ढेकूण जागचा हलत नाही किंवा रेंगाळतो. अळी मात्र भराभर चालू लागते. ती दिसली की त्या फांदीवर ब्रशही फिरवू नये.

या मित्रांना राहायला जागा लागते. प्रौढ क्रायसोपा, सिरफिड माशी आणि परोपजीवी गांधीलमाश्यांना मध आणि परागकण हवे असतात, म्हणून बांधाकडेला कोथिंबीर, बडीशेप, ओवा फुलावर येऊ द्यावेत. कपाशीभोवती चवळीची ओळ लावली तर तिच्यावरच्या माव्यावर ढालकिडे आधीच वाढतात आणि कपाशीत उतरतात. हरभऱ्यात ज्वारीची तुरळक ताटे ठेवली की कोतवाल, साळुंकी त्यांवर बसून घाटेअळ्या टिपतात.

शेतात दोन-चार किडी दिसल्या म्हणून लगेच काही करायचे नसते. त्यासाठीच कृषी विद्यापीठांनी आर्थिक नुकसानीची पातळी ठरवली आहे. कपाशीत पानामागे २ ते ३ तुडतुडे किंवा १० मावा, हरभऱ्यात ओळीच्या एका मीटरमध्ये १ ते २ अळ्या, यापेक्षा कमी असतील तर थांबावे आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजावे. थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. त्या दोन-तीन दिवसांत मित्रकीटक आपले काम करतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या कपाशीत कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते पंप पाठीवर घेऊन जाणारे हात आपल्याच गावातले असतात. एक अनावश्यक फवारणी वाचली तर त्यात केवळ पैसे वाचत नाहीत.

थांबून भागत नाही असे दिसले की निंबोळी अर्क हा पहिला उपाय. पाच टक्के अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या जाडसर कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. २०० ग्रॅम साध्या साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा विरघळवावा. सकाळी निंबोळीचा लगदा फडक्यातून दोन-तीनदा पिळून घ्यावा, त्यात साबणाचे पाणी घालावे आणि एकूण १०० लिटर द्रावण करावे. कुंड्यांसाठी हेच प्रमाण लिटरला ५० ग्रॅम निंबोळी असे पडते. अर्क त्याच दिवशी संपवावा आणि उन्हे उतरल्यावर फवारावा, कारण त्यातले अझाडिरॅक्टिन सूर्यप्रकाशात लवकर निकामी होते. नोझल खालून वर धरावे. किडी पानाखाली असतात.

निंबोळीकडून अपेक्षाही योग्य ठेवायला हवी. फवारल्यावर तासाभरात किडी टपटप पडत नाहीत. अझाडिरॅक्टिनमुळे किडीचे खाणे सुटते, अळीची कात नीट पडत नाही, मादी अंडी कमी घालते. परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात आणि लहान अवस्थांवर तो जास्त होतो. बोटाएवढ्या जाड अळीवर निंबोळी मारणे म्हणजे वेळ घालवणे. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पिवळ्या होऊन पडतात तेव्हाच गोळा कराव्यात, गर काढून धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि हवा खेळती राहील अशा पोत्यात ठेवाव्यात. बुरशी लागलेल्या काळ्या निंबोळीत दम नसतो.

दशपर्णी अर्काचा बोलबाला मोठा आहे आणि शेतात त्याचा उपयोगही होतो, पण त्यात कण्हेर, रुई, धोतरा यांची पाने पडतात आणि ती विषारी असतात. घरातल्या मेथी-कोथिंबिरीवर किंवा लहान मुले हात लावतील अशा कुंड्यांवर तो मारू नये. तंबाखूचा काढा तर नकोच. निकोटिन माणसालाही घातक आहे आणि मधमाश्यांनाही. वनस्पतीपासून केले म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडून द्यावा आणि कोणताही अर्क फवारताना नाकाला रुमाल, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ एवढे पाळावेच.

बाजारात मिळणाऱ्या उपयुक्त बुरश्यांबद्दल तक्रार येते की त्या चालत नाहीत. व्हर्टिसिलियम रसशोषक किडींवर, बिव्हेरिया अळ्यांवर, मेटाऱ्हायझियम हुमणीवर चांगले काम करते. पण त्या जिवंत असतात. त्यांना दमट हवा लागते, भर दुपारच्या उन्हात त्या मरतात आणि बुरशीनाशकाच्या मागेपुढे मारल्या तर तेच त्यांना संपवते. पाकिटावरची तारीख पाहून, संध्याकाळी, ढगाळ-दमट दिवस साधून फवाराव्यात.

अळ्यांचे बघायचे तर विष्ठेचे काळे-हिरवे गोळे ही पहिली खूण. मक्याच्या पोंग्यात भुसा पडला असेल तर आत अमेरिकन लष्करी अळी आहे. ती २०१८ साली भारतात आली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके, एवढ्यावरून ती पटते. पीक लहान असताना ९ भाग वाळू आणि १ भाग चुना पोंग्यात टाकला तर अळीला तिथे राहवत नाही. वांग्याचे शेंडे वाकून सुकले की आत पोखरणारी अळी असते. सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून शेंडा कापून नष्ट करावा आणि हे दर तीन-चार दिवसांनी न चुकता करावे. घाटेअळीवर एचएएनपीव्ही हा विषाणू हेक्टरी २५० एलई (अळी समतुल्य) संध्याकाळी फवारावा, तोही अळ्या लहान असताना. बाधित अळ्या फांदीला उलट्या लटकून मरतात. त्या तशाच राहू द्याव्यात, त्यांच्यातून रोग पुढे पसरतो. कपाशीत पाकळ्या न उमललेली डोमकळी दिसली की ती तोडून चिरडावी, आत गुलाबी बोंडअळी असते. तिच्यावर सगळ्यात मोठा उपाय फवारणीचा नाहीच : फरदड घेऊ नये, वेचणी संपली की पऱ्हाट्या शेताच्या बांधावर रचून ठेवू नयेत.

लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते. हाताने वेचली तरी भागते. मोठ्या झाडावर चार पाने तिला दिली तर बिघडत नाही.

चिकट सापळे पिवळे मावा-पांढऱ्या माशीसाठी, निळे फुलकिड्यांसाठी. ते पिकाच्या शेंड्याच्या उंचीला असावेत आणि पीक वाढेल तसे वर सरकवावेत. त्यांवर मित्रकीटकही चिकटतात, म्हणून कीड किती आली हे समजण्यापुरते लावावेत, शेत पिवळे करू नये. फळमाशीसाठी दोडका, कारले, भोपळ्यात क्यूल्यूर आणि आंब्यात मिथिल युजेनॉलचा सापळा लागतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा आंबा बागायतदारांच्या परिचयाचा आहे. या सापळ्यांत फक्त नर येतात. मादीने डंख मारलेली, गळून पडलेली फळे दोन फूट खोल पुरली नाहीत तर सापळा असूनही माशी वाढत राहते. घरच्या वेलावर फळ बोटाएवढे झाले की कागदी पिशवी बांधली तरी पुरे.

पावसाळ्यात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी २०२२ साली सोयाबीनचे कोंब खाल्ले. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधावर पसरावीत, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

हुमणीची गोष्ट वेगळी, कारण ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ऊस, भुईमूग किंवा लॉनमधले गवत ऑगस्टमध्ये पिवळे पडून सहज उपटून येते, मुळे खाल्लेली असतात आणि मातीत इंग्रजी सी आकारात वळलेली पांढरी अळी सापडते. तोवर ती मातीत खोल असते आणि तिला गाठणे कठीण. तिची कमजोर वेळ मे-जूनमध्ये येते. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की दिवेलागणीनंतर तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला, मीलनाला जमतात. फांद्या हलवल्या की खाली पडतात. खाली कापड पसरावे आणि गोळा झालेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकावेत. अंडी घालण्याआधी मेलेली एक मादी म्हणजे पुढच्या कित्येक हुमण्या कमी. एकट्याने केले तर भुंगेरे शेजारच्या शिवारातून येतात. त्यामुळे पहिला वळीव पडेल त्याच संध्याकाळी बॅटऱ्या, कापडे आणि बादल्या घेऊन कोणी कोणत्या बांधावर जायचे हे एप्रिलमध्येच शेजाऱ्यांशी बोलून ठरवावे, आणि पुढच्या दोन-तीन सरींनंतरच्या संध्याकाळीही तेच पुन्हा करावे.